वंशावळ न सांगणाऱ्या इमारती

१ नोव्हेंबरला बेळगावात एकाच शहरातून दोन मिरवणुका निघतात. एक राज्योत्सवाची, लाल-पिवळ्या ध्वजांची आणि वाजतगाजत चन्नम्मा चौकाकडे सरकणारी. दुसरी काळ्या दिवसाची, दंडाला काळ्या फिती बांधून निघणारी सायकल फेरी. १९५६ साली याच तारखेला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेवढा अलीकडे राहिला, हे सीमाभागातल्या मराठी घरात पोराला शाळेत घालण्यापूर्वीच ठाऊक होते. त्याच तारखेला, बरोबर दहा वर्षांनी, म्हणजे १ नोव्हेंबर १९६६ रोजी, पंजाबचेही भाषेच्या मुद्द्यावर तुकडे झाले आणि हरियाणा राज्य जन्माला आले, याची मात्र आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. खरे तर ती व्हायला हवी, कारण त्या वाटणीत एक इमारत अशी सापडली की जिचे दोन तुकडे करता आले नाहीत, आणि गेली जवळजवळ साठ वर्षे दोन राज्ये तिच्यात कुरकुरत का होईना, एकत्र नांदत आहेत.

ती इमारत म्हणजे चंदीगडचे विधानभवन. फाळणीत लाहोर गेले आणि पूर्व पंजाब हे राजधानी नसलेले राज्य उरले. नव्या शहराचा पहिला आराखडा अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांनी केला होता. १९५० साली नोविकी विमान अपघातात गेले आणि काम स्विस-फ्रेंच वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे आले. त्यांच्याबरोबर पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू होते, आणि या चौघांच्या हाताखाली आदित्य प्रकाश, युली चौधरी यांच्यासारखे भारतीय वास्तुरचनाकार तयार झाले, ज्यांची नावे आपण अजूनही चौघांच्या नंतर, आणि तीही आठवली तरच, घेतो. उच्च न्यायालय १९५५ मध्ये उभे राहिले, सुमारे अडीचशे मीटर लांबीचे सचिवालय १९५८ मध्ये पुरे झाले आणि विधानभवन साठच्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे इमारतीचे सिमेंट पुरते वाळते न वाळते तोच ज्या राज्यासाठी ती बांधली ते राज्यच पूर्वीचे राहिले नाही.

वाटणी मोठी विलक्षण झाली. विजेच्या कारखान्यातल्या कूलिंग टॉवरवरून ज्याचा आकार घेतला ते मोठे गोल सभागृह पंजाबकडे राहिले आणि विधान परिषदेसाठी योजलेले लहान सभागृह हरियाणाच्या विधानसभेला मिळाले. पंजाबची विधान परिषद १९७० मध्ये बरखास्तच झाली. सचिवालयात दोन्ही राज्यांचे कारकून एकाच छपराखाली बसू लागले आणि उच्च न्यायालय दोघांचे मिळून एकच राहिले. भांडणे नाहीत असे नाही. काही खोल्या आपल्या हक्काच्या असून पंजाबने अडवून ठेवल्या आहेत अशी हरियाणाची जुनी तक्रार आहे, आणि स्वतंत्र विधानभवनासाठी चंदीगडमध्ये जागा मिळावी म्हणून तो अलीकडे हट्ट धरून बसला आहे. पंतप्रधान राजीव गांधी आणि अकाली नेते लोंगोवाल यांच्या १९८५ च्या करारात चंदीगड पंजाबला देण्याची तारीखसुद्धा ठरली होती, २६ जानेवारी १९८६. ती तारीख आली आणि गेली. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याकडे डोळे लावून बसलेल्या आमच्यासारख्यांना यातले काहीच अपरिचित वाटत नाही.

तरीही ही इमारत दोघांना चालली, चालते आहे, आणि याचे कारण केवळ दिल्लीच्या हुकमात शोधून भागणार नाही, असे मला तिथे फिरताना वाटत राहिले. कारण इमारतीतही आहे. पंडित नेहरूंना भूतकाळाच्या परंपरांनी न जखडलेले शहर हवे होते, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते. त्या आग्रहाची चेष्टा पुष्कळ झाली आणि तीत तथ्यही आहे. परंतु १९६६ साली त्या आग्रहाचा एक अनपेक्षित उपयोग झाला. विधानभवनावर शीख राज्याची आठवण करून देणारा घुमट नव्हता आणि कुरुक्षेत्राची कमानही नव्हती, त्यामुळे ते वाटणीत कोणाच्या वाट्याला सहज टाकता येईना. कॉर्ब्युझिए यांनी काँक्रीटमध्ये ओतून घेतलेली जी चिन्हे या परिसरात दिसतात ती सूर्याची, माशाची, सापाची, वळूची आहेत. फ्रान्सकडून भेट आलेल्या मोठ्या मिनाकारी दरवाजावरही सूर्याचा आकाशातला फेरा, पाणी, झाडे आणि जनावरे रंगवली आहेत. हे सारे पंजाबचे म्हटले तर पंजाबचे, हरियाणाचे म्हटले तर हरियाणाचे. खरे म्हणजे ते आमच्या मार्कंडेय नदीच्या काठालाही लागू पडेल.

जवळून पाहिले की या भिंती फोटोत दिसतात तितक्या कठोर राहत नाहीत. साच्याच्या फळ्यांचे ठसे त्यांच्यावर जसेच्या तसे उमटलेले आहेत. लाकडाच्या रेषा, गाठी, दोन फळ्यांच्या सांध्यातून बाहेर आलेली सिमेंटची बारीक कड, आणि ओतकाम एका दिवशी जिथे थांबले व दुसऱ्या दिवशी जिथून पुन्हा सुरू झाले तिथली किंचित वाकडी आडवी रेघ, हे सगळे बोटाला लागते. त्या कामावर डोक्यावरून घमेली वाहणाऱ्या बायका होत्या आणि दिवसाकाठी ओतता येईल तेवढेच काँक्रीट ओतले जात होते. आपल्याकडे सेंट्रिंगचे काम करणाऱ्या कोणत्याही माणसाला ही भिंत दाखवली तर तो वास्तुकलेच्या शैलीबद्दल बोलणार नाही, पण कोणत्या टोकाला फळी फुगली होती ते नेमके सांगेल. परदेशी कल्पनेची इमारत म्हणून तिला नाक मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की कल्पना पॅरिसहून आली असली तरी हात इथलेच होते.

अर्थात तिथे सगळे गोडच आहे असे मानण्याचे कारण नाही. शहर वसवताना तिथली जुनी गावे उठवली गेली आणि त्या गावकऱ्यांना कोणी फारसे विचारले नाही. तीन इमारतींच्या मध्ये असलेले विस्तीर्ण पटांगण, जिथे नागरिकांनी मोकळेपणाने चालावे अशी अपेक्षा होती, आज काटेरी तारांनी तोडलेले आहे. १९९५ साली सचिवालयाच्या दारातच मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची बॉम्बस्फोटात हत्या झाली; त्यानंतर बंदोबस्त सैल होणे कठीणच होते. ओळखपत्र दाखवायचे, ठरलेल्या वेळी मार्गदर्शकाबरोबर आत जायचे, आणि वाऱ्यावर फिरणारा तो शिल्परूप उघडा हात, जो कॉर्ब्युझिए यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १९८५ मध्ये उभारला गेला, बघून परत यायचे. त्या हाताखालचा खोलगट चौक लोकांनी बसून वाद घालावेत म्हणून आखला होता. मी गेलो तेव्हा तिथे वाद घालायला कोणी नव्हते, फक्त एक जोडपे फोटो काढत होते आणि शिपाई त्यांच्याकडे पाहत होता. कचेऱ्यांतून भंगार म्हणून बाहेर काढलेल्या जानरे यांच्या लाकडी खुर्च्या परदेशी लिलावांत लाखोंना विकल्या गेल्या, हे कळल्यावर २०११ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. आणि २०१६ मध्ये युनेस्कोने सात देशांतल्या कॉर्ब्युझिए यांच्या सतरा कामांपैकी एक म्हणून या परिसराला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. खुर्ची भंगारात काढणारे आणि वारसा म्हणून मिरवणारे कार्यालय एकच असू शकते, याचे आपल्याकडे कोणालाच नवल वाटणार नाही.

आता आमच्याकडे येतो. पुण्याकडून असो की धारवाडकडून, महामार्गाने येणाऱ्याला हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध दिसल्याशिवाय राहत नाही. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. हिवाळी अधिवेशनाचे थोडे दिवस सोडले तर वर्षभर तिथे तशी शांतताच असते. ती इमारत भव्य आहे, संध्याकाळच्या दिव्यांत देखणीही दिसते. पण तिची घडण बेंगळुरूच्या विधानसौधाला समोर ठेवून झालेली आहे. ते १९५६ मध्ये पुरे झालेले ग्रॅनाइटचे विधानसौध, जे म्हैसूरचे तेव्हाचे मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या यांनी द्राविड मंदिरवास्तूच्या परंपरेचा आधार घेऊन हट्टाने उभे केले. ज्या वर्षी चंदीगडचे न्यायालय नुकतेच बांधून झाले होते त्याच सुमारास बेंगळुरूत खांबांवर नक्षी कोरली जात होती, आणि दोन्ही गोष्टी स्वतंत्र भारताचा आत्मविश्वास म्हणूनच केल्या जात होत्या. बेंगळुरूत ती नक्षी शोभते, कारण तिथे ती कोणाला काही सुनावत नाही. हलग्याच्या माळावर तोच घुमट उभा राहिला की त्याचा स्वर बदलतो. इथे तो मालकीचा उतारा वाचून दाखवतो.

न्यायाने बोलायचे तर हे खापर एकाच बाजूवर फोडता येणार नाही. सीमाप्रश्नाचा निकाल उलटा लागला असता आणि इथे इमारत बांधण्याची पाळी महाराष्ट्रावर आली असती, तर आम्ही तरी काय केले असते? चार कोपऱ्यांवर बुरूज, दारावर महिरप, वर मेघडंबरी, आणि पहिल्या पावसाच्या आत शेजारच्या कन्नड भाषिक गल्लीला आपण पाहुणे आहोत असे वाटायला लावण्याची पुरती व्यवस्था. अलंकार नेहमी कोणाच्या तरी आजोबांची आठवण काढतो. ज्या गावात सगळ्यांचे आजोबा एकच आहेत तिथे ते चालून जाते. सीमाभागात ते चालत नाही.

आणि म्हणूनच बेळगावच्या पश्चिमेला, जिथे पाऊस आडवा पडतो, तिथल्या एका तालुक्याच्या गावातल्या नगरपालिकेच्या जुन्या इमारतीविषयी मला लिहावेसे वाटते. कोणाच्याही यादीत ती नाही. साठच्या दशकातली दुमजली, सपाट छताची, सिमेंट काँक्रीटची सरळ चौकट. कोण्या नामवंताने नव्हे, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या टेबलावर आखलेली असावी अशी. दारालगतच्या कोनशिलेवर ऑइलपेंटचे इतके थर चढले आहेत की अक्षरे बुजून गेली आहेत आणि ती डोळ्यांपेक्षा बोटांनीच अधिक वाचता येतात. नैर्ऋत्येच्या अंगाला प्रत्येक खिडकीवर हातभर रुंद छज्जा आणि दोन्ही बाजूंना भिंतीतून बाहेर आलेल्या उभ्या पडद्या आहेत. जुलैत वारा पावसाला ढकलत आणतो तेव्हाही त्या खिडक्या अर्ध्या उघड्या ठेवता येतात. जिन्याला सिमेंटची जाळी आहे आणि तिच्यातून चौथऱ्यावर पडणारा उजेड दुपारभर सरकत राहतो. पायऱ्यांच्या मोझॅकची मधली बाजू झिजून गुळगुळीत झाली आहे, कठड्याकडच्या बाजूला मात्र लाल आणि काळे खडे अजून ताजे आहेत.

पण तिची खरी करामत नकाशात आहे. तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून वाचनालयाची खोली, आणि तिच्या दाराला उंबरठाच नाही. रस्त्यावरचा माणूस पाऊल न उचलता आत येतो. करभरणा आणि जन्म-मृत्यू नोंदीच्या खिडक्या मागच्या व्हरांड्यात, जिथे रांगेवर छप्पर आहे. वरच्या सभागृहाला बाहेरून स्वतंत्र जिना, म्हणजे कचेरी बंद झाल्यावर शिपायाला अडकवून न ठेवता सभागृह उघडता येते. ज्या कोणी हे आखले त्याला नगरपालिका म्हणजे साहेबाची खोली असे वाटत नव्हते एवढे नक्की. वाचनालयाच्या उतरत्या फळ्यांवर ‘तरुण भारत’ आणि ‘पुढारी’ शेजारी ‘संयुक्त कर्नाटक’ लागलेला असे. वरच्या सभागृहात डिसेंबरात मराठी व्याख्यानमाला, नंतर कन्नड हौशी मंडळींचे नाटक, त्यानंतर कोणाचे तरी लग्न, मधेच मतदान केंद्र. मंचाच्या मागची भिंत कोरी होती. तिच्यावर कधी शिवाजी महाराजांचा पडदा लागे, कधी बसवेश्वरांचा, आणि कार्यक्रम संपला की पडदा गुंडाळला जाई व भिंत पुन्हा कोरी होई. ज्या सभागृहाच्या भिंतीवर कायमचे काही कोरलेले असते तिथे ही सोय राहत नाही.

ही सोय आपोआप टिकत नाही, हेही सांगितले पाहिजे. बेळगाव महानगरपालिकेसमोर लाल-पिवळा ध्वज उभारल्यावर काय रणकंदन झाले ते सर्वांनी पाहिले. आमच्या या इमारतीवरही नामफलक बदलले, अक्षरांची उंची मोजली गेली, एकदा काळेही फासले गेले. काँक्रीट माणसांना शहाणे करत नाही. परंतु भांडण फलकाशी थांबले, भिंतीपर्यंत पोहोचले नाही, हा फरक मला लहान वाटत नाही. फलक दोन खिळ्यांवर असतो. तो काढता येतो, बदलता येतो, दोन्ही लिप्यांत लिहिता येतो. कोरलेले गोपुर किंवा बुरूज तसा उतरवता येत नाही.

लहान गावच्या अशा इमारतीला वारसा म्हणणे अतिशयोक्तीचे वाटत असेल तर फिनलंडमधल्या सायनात्सालो या बेटावरच्या वस्तीकडे पाहावे. जेमतेम तीनेक हजार लोकांच्या या गावाने वास्तुरचनाकार आल्व्हार आल्टो यांच्याकडून लाल विटांचे सभागृह बांधून घेतले, ते १९५२ मध्ये पुरे झाले. त्यात नगरपालिकेची कचेरी, वाचनालय, दुकाने आणि राहण्याच्या खोल्याही होत्या. १९९३ मध्ये ते गाव युवास्कुला शहरात विलीन झाले आणि ज्या नगरपालिकेसाठी इमारत बांधली ती नगरपालिकाच उरली नाही. इमारत मात्र जगभरच्या वास्तुरचनाकारांच्या वाटेवरचे ठिकाण झाली. चंदीगडप्रमाणे इथेही इमारत आपल्या सरकारापेक्षा जास्त जगली. सीमाभागातल्या माणसाला यातले मर्म सांगायला नको. आमच्याकडच्या कितीतरी शाळा, दवाखाने आणि मामलेदार कचेऱ्या मुंबई राज्याच्या पैशाने बांधल्या गेल्या आणि म्हैसूर राज्याच्या शिक्क्याने चालल्या.

आपल्या कायद्याची गाठ वेगळ्याच ठिकाणी आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानुसार वास्तूला किमान शंभर वर्षे झालेली असावी लागतात. या हिशेबाने साठच्या दशकातली नगरपालिका २०६० नंतर कधीतरी विचारात घेतली जाईल. दिल्लीत प्रगती मैदानावरचे वास्तुरचनाकार राज रेवाल यांचे हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनगृह, १९७२ मधले ते प्रचंड काँक्रीटचे जाळे, २०१७ मध्ये एका रात्रीत जमीनदोस्त झाले, तेव्हाही ते साठ वर्षांचे नाही हा मुद्दा आडवा आला होता. दगडी मंदिराला शंभर वर्षे वाट पाहणे परवडते. काँक्रीटला परवडत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरतो, काँक्रीटचा क्षारपणा कमी होतो आणि सळईला मिळणारे संरक्षण जाते. मग पाणी पोहोचले की सळई गंजते, भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी फुगते आणि वरचे काँक्रीट पोपड्यांनी सुटते. खानापूर-चंदगडच्या पावसात, सळईवर जेमतेम अर्धा इंच काँक्रीट ठेवण्याच्या त्या काळच्या पद्धतीत, हे लवकरच होणार. आमच्या सभागृहाच्या तुळयांच्या पोटाला ते झालेही आहे. कोबा तडकला तेव्हा तो काढून नवा घालण्याऐवजी गच्चीवर पत्र्याचे छप्पर टाकले गेले, आणि आता इमारत धोकादायक ठरवून तिथे दुकानगाळे काढण्याचे घाटते आहे. गाळ्यांचे भाडे येईल हे खरे आहे, आणि पैशाची चणचण असलेल्या नगरपालिकेला मी त्यासाठी नावे ठेवणार नाही. पण बाहेरचा जिना, उंबरठा नसलेली वाचनाची खोली आणि कोरी भिंत गाळ्यांच्या नकाशात बसत नाहीत.

काय करायचे ते फारसे अवघड नाही. आधी इमारत मोजून तिचे नकाशे काढून ठेवावेत, कारण मूळ नकाशे कोणत्या राज्याच्या कोणत्या दप्तरात गेले असतील ते शोधण्यात वर्षे जातील. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून तुळया तपासून घ्याव्यात. सुटलेले काँक्रीट खरवडून, सळई घासून, नवा लेप देऊन बहुतेक चौकट वाचते असा माझा अंदाज आहे, आणि तो चुकीचा ठरला तर पाडण्याचा निर्णय निदान तपासून घेतला जाईल. पत्रे उतरवावेत, कोबा नव्याने घालावा, पाण्याचे पाइप भिंतीतून काढून बाहेरून न्यावेत. मोझॅकला पॉलिश करू नये, कोनशिलेवरचा रंग मात्र जपून काढावा. नामफलक कोणत्या लिपीत आणि किती इंचांच्या अक्षरांत असावा हा वाद छत गळायचे थांबल्यावरही चालूच राहणार आहे, तेव्हा त्याच्यासाठी कोब्याचे काम अडवून धरू नये.